चाचणीयंत्रांची मक्तेदारी

सिलिकनची चकती कापून तिच्या सुट्या चिप्स होण्यापूर्वीच केसासारख्या बारीक सुयांचा एक ताफा तिच्यावर उतरतो, प्रत्येक चिपच्या धातूच्या ठिपक्यांना टेकून तिची विद्युत्-चाचणी घेतो, आणि जी अपात्र ठरेल तिच्यावर पूर्वी शाईचे टिंब पडत असे, आता संगणकाच्या दप्तरी तशी नोंद होते. ही चाचणीयंत्रे निर्माण करण्याच्या व्यवसायात आज टोकियोची ॲडव्हान्टेस्ट आणि मॅसॅच्युसेट्समधील टेराडाइन या दोनच पेढ्यांची हुकमत चालते.

१९५४ आणि १९६० साली स्थापन झालेल्या या पेढ्यांनी केवळ गुणवत्तेच्या बळावर प्रतिस्पर्ध्यांना निष्प्रभ केले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ह्युलेट-पॅकार्डच्या वंशातील व्हेरिजी या चाचणीयंत्र-पेढीने २०१० च्या अखेरीस एलटीएक्स-क्रेडेन्स या तशाच पेढीशी विलीनीकरणाचा करार केला असता ॲडव्हान्टेस्टने मध्येच चढी बोली लावली, आणि अमेरिकी न्यायखात्याची चौकशी पार करून २०११ च्या जुलैत सुमारे १.१ अब्ज डॉलरला व्हेरिजी आपल्या पदरात पाडून घेतली. तिच्याबरोबर आलेली व्ही९३००० ही यंत्रमालाच आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गुंतागुंतीच्या चिप्सची चाचणी घेताना ॲडव्हान्टेस्टच्या भरभराटीचा आधार झाली आहे. एलटीएक्स-क्रेडेन्स मात्र एक्सेरा हे नाव धारण करून २०१८ मध्ये कोहू या पेढीत विलीन झाली.

ही मक्तेदारी टिकण्याचे खरे कारण यंत्राच्या किमतीत नाही. एकेका चिपसाठी अभियंत्यांनी महिनोन्‌महिने खपून लिहिलेला चाचणी-कार्यक्रम, त्या यंत्राच्या बेताने घडविलेली, सुयांचा तो ताफा धारण करणारी प्रोब कार्डे आणि त्यावर बसलेला हात हे सर्व दुसऱ्या यंत्रावर नव्याने उभे करावे लागते. म्हणून गिऱ्हाईक एकदा आले की सहसा दुसरीकडे जात नाही, आणि नव्या कारखानदाराने निम्म्या किमतीत यंत्र देऊ केले तरी त्याला दारातूनच माघारी जावे लागते.

हीच यंत्रे लागणाऱ्या, गुजरातेतील साणंद आणि आसामातील जागीरोड येथील चिप-बांधणी व चाचणीच्या कारखान्यांना केंद्र सरकार प्रकल्पखर्चाच्या निम्मे साहाय्य देत असताना, ही रक्कम अखेर कोणाच्या खजिन्यात जाते याची विचारपूस करण्याचा अधिकार करदात्याला निःसंशय आहे. यंत्रे स्वतः घडविण्याची ऐपत आपल्याला आज नाही, हे खरे. परंतु बेंगळुरू-हैदराबादेत चिप्सची आखणी करणाऱ्यांनी आपले चाचणी-कार्यक्रम प्रारंभापासूनच दोन्ही पेढ्यांच्या यंत्रांवर चालतील असे लिहावेत, आणि प्रोब कार्डांचे काम देशी कारखान्यांना मिळावे, एवढी कलमे साहाय्याच्या करारनाम्यात घालणे सरकारच्या हाती आहे. त्याकरिता खजिन्यातून एक पैही अधिक काढावी लागणार नाही.