आधी पिक्सेल, मग फॉरमॅट

वेबवरच्या प्रतिमेचे वजन तीन गोष्टींवर ठरते: तिच्यातले पिक्सेल किती, चित्रात बारकावे किती आणि ती माहिती कोणत्या पद्धतीने साठवली आहे. फॉरमॅट बदलला की यांतली फक्त तिसरी गोष्ट बदलते. तरीही बहुतेक ठिकाणी काम तिथूनच सुरू होते आणि कॅमेऱ्यातून आलेली अवाढव्य प्रतिमा तशीच वेबपीमध्ये नेली जाते. मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. लेखाचा स्तंभ ८०० पिक्सेल रुंद असेल, तर दुप्पट घनतेचा पडदा धरूनही १६०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. म्हणजे १ कोटी २० लाखांऐवजी १९ लाख २० हजार पिक्सेल, जेमतेम सहावा हिस्सा. एवढी बचत कोणताही नवा फॉरमॅट एकट्याच्या बळावर करून देत नाही. शिवाय फाइल कितीही लहान केली, तरी दाखवताना ब्राउझरला ती उलगडावी लागते. दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर मोठा फोटो मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट अडवतो. स्वस्त फोनवर पान अडखळते ते पुष्कळदा यामुळे.

आकार ठरला की फॉरमॅटचा विचार करायचा. त्यासाठी १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेगचे तत्त्व नीट समजून घेतले पाहिजे, कारण वेबपी आणि एव्हीआयएफ त्याच वाटेने पुढे गेले आहेत. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातले चढउतार मंद आणि जलद लहरींच्या बेरजेत मांडते आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या जलद लहरींची अचूकता कमी करते. त्यामागचे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले. जगातल्या फोटोंचा फार मोठा भाग आज याच गणितावर उभा आहे.

दुसरी काटछाट रंगात होते. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका टिपत नाही. म्हणून उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा ठेवून रंग मात्र २ बाय २ पिक्सेलना मिळून एकच साठवला जातो. कॉम्प्रेशन सुरू होण्यापूर्वीच माहिती निम्मी होते. निसर्गदृश्यात किंवा चेहऱ्यात हे कळतही नाही. अक्षरांत मात्र ते लगेच कळते.

मराठी प्रकाशनांना इथे खास दक्षता घ्यावी लागते. शुभेच्छा फलक, कार्यक्रमपत्रिका, जाहिराती आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांत मजकूर चित्राचाच भाग असतो. भगव्यावर पिवळी किंवा लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरे असली की अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक मुख्यतः रंगाचा असतो, आणि नेमकी तीच माहिती विरळ केलेली असते. लहान टाइपातला अनुस्वार दोन-तीन पिक्सेलचा असतो. रफार, रकार, जोडाक्षरातली आडवी पाती यांचेही तसेच. कडा फुटल्या की अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो आणि शब्दाचा अर्थही बदलू शकतो. रोमन लिपीच्या मजकुरावर तपासून निवडलेली क्वालिटी देवनागरीला चालेलच असे नाही. असा मजकूर शक्यतो चित्रात ठेवूच नये. तो पानावर खरा मजकूर म्हणून यावा, म्हणजे शोधयंत्रालाही सापडतो आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येतो. चित्रातच ठेवणे भाग असेल, तर पीएनजी किंवा वेबपीचा लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळणारा, प्रकार वापरावा. बोधचिन्हे, आलेख आणि साधे नकाशे यांना एसव्हीजी सर्वांत योग्य. त्यात पिक्सेल नसतात, रेषांचे वर्णन असते.

गुगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी व्हीपी८ या व्हिडिओ कोडेकवर बेतलेला आहे. गुगलच्या स्वतःच्या मोजणीनुसार त्याचा लॉसी, म्हणजे काही माहिती गाळणारा, प्रकार जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के आणि लॉसलेस प्रकार पीएनजीपेक्षा २६ टक्के लहान असतो. सफारीने २०२० मध्ये त्याला स्वीकारल्यावर मोठी अडचण उरली नाही. मात्र लॉसी वेबपीत रंगाची वर सांगितलेली काटछाट टाळता येत नाही, आणि कोणतीही बाजू १६,३८३ पिक्सेलपेक्षा मोठी चालत नाही. लांबलचक पोथ्यांच्या स्कॅनला ही मर्यादा आडवी येते.

एव्हीआयएफ २०१९ चा, एव्ही१ या व्हिडिओ कोडेकमधून निघालेला. फाइल बहुधा आणखी लहान होते, रंग पूर्ण ठेवता येतात, १० आणि १२ बिटची सोय आहे. त्याची खोड वेगळी आहे. क्वालिटी फार उतरवली की तो चौकोन दाखवत नाही, पोत गुळगुळीत करतो. चित्र स्वच्छ दिसते, म्हणून दोष नजरेतून सुटतो. पैठणीच्या जरीची वीण किंवा जुन्या कागदाचा रेशा हाच जिथे चित्राचा विषय आहे, तिथे असे गुळगुळीत चित्र ग्राहकाची आणि अभ्यासकाची फसवणूक करते. एन्कोडिंगलाही वेळ लागतो. दर तासाला शेकडो फोटो चढवणाऱ्या वृत्तसंस्थळाने हा हिशेब आधी करावा.

क्वालिटीचा आकडा हे सार्वत्रिक माप नाही. जेपेगचे ८०, वेबपीचे ८० आणि एव्हीआयएफचे ८० यांचा एकमेकांशी संबंध नाही. सगळ्या प्रतिमांना एकच आकडा लावणारी स्क्रिप्ट निळ्या आकाशावर बाइट वाया घालवते आणि गर्दीच्या दृश्याची माती करते. आपल्या संग्रहातल्या वेगवेगळ्या जातींच्या प्रतिमा निवडून, पूर्ण आकारात डोळ्यांनी पाहून आकडे ठरवावेत. फाइलचे नाव बदलून शेवटी ‘.वेबपी’ लावणे हे रूपांतर नव्हे, हेही काही ठिकाणी अजून सांगावे लागते.

फाइलसोबतची माहिती काढतानाही विचार हवा. जीपीएस स्थान काढलेच पाहिजे, नाहीतर घरी काढलेल्या फोटोतून घराचा पत्ता उघड होतो. पण फिरवण्याची नोंद काढण्यापूर्वी चित्र प्रत्यक्ष फिरवले नाही तर ते आडवे दिसते. डिस्प्ले पी३ मधला फोटो एसआरजीबीत न बदलता त्याचा रंग प्रोफाइल उडवला तर रंग फिके पडतात. छापखान्याकडून आलेली सीएमवायके फाइलही आधी एसआरजीबीत आणावी. छायाचित्रकाराचे नाव आणि हक्काची नोंद मात्र राहू द्यावी. ती काही अक्षरांची असते आणि ती पुसण्याचा अधिकार रूपांतर करणाऱ्याला नाही.

पानावर प्रतिमा देताना ‘पिक्चर’ टॅगमध्ये एव्हीआयएफ, मग वेबपी आणि शेवटी जेपेग असा क्रम ठेवला की ब्राउझर आपल्याला समजणारा पहिला पर्याय उचलतो. रुंदी आणि उंची लिहिली की मजकूर वाचताना उडत नाही. पडद्याबाहेरच्या प्रतिमा उशिरा मागवाव्यात. पानाच्या माथ्यावरच्या मुख्य प्रतिमेला मात्र ही सवलत लावू नये, ती उशिरा आली तर सगळे पानच मंद वाटते.

जुन्या संग्रहांचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जेपेगमधून वेबपी करणे म्हणजे एकदा घासलेले पुन्हा घासणे. पहिल्या कॉम्प्रेशनचा गाळ नवा फॉरमॅट खरा तपशील समजून जपतो आणि फाइल कधीकधी मोठीही होते. टिफ किंवा रॉ उपलब्ध असेल तर तिथूनच सुरुवात करावी. जेपेग एक्सएल या नव्या फॉरमॅटमध्ये जुनी जेपेग फाइल सुमारे २० टक्के लहान करून बिटगणिक जशीच्या तशी परत मिळवता येते. सफारीने त्याला २०२३ मध्ये स्वीकारले. क्रोमने मात्र २०२२ मध्ये प्रायोगिक सोयसुद्धा काढायचे ठरवले, त्यामुळे वाचकाला द्यायच्या पानावर त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही.

सर्व्हरवरची जागा वाचवण्यासाठी रूपांतर झाल्यावर मूळ फाइली पुसण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला आहे. ग्रंथालये, नियतकालिके आणि स्थानिक इतिहासाची छायाचित्रे सांभाळणाऱ्या संस्था यांनी तो आजच थांबवावा. पुढचा फॉरमॅट येईल तेव्हा रूपांतर पुन्हा करावे लागेल, आणि ते मूळ फाइलीवरूनच व्हायला हवे.