जुन्या गाडीला चाके कोणत्या मापाची?



आपल्या आजोबांच्या काळी मळ्यावरचा ऊस बैलगाडीतून कारखान्यात जात असे. त्या गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम कोणी डोळ्यांच्या अंदाजाने करीत नसे. लोहार आधी चाकाचा घेर मोजी, मग धावेचा. धाव चाकाहून किंचित लहान ठेवायची, तापवून लाल करायची, चढवायची आणि वर पाणी ओतायचे, म्हणजे ती आवळून बसे. मोठी झाली तर वाटेत निसटणार, फार लहान झाली तर आऱ्यांवर ताण येणार. माझ्या आजोबांना अक्षर वाचता येत नव्हते, पण माप घेतल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज त्यांचा पणतू शिकलेला आहे, नोकरीला आहे, आणि त्याने आमच्या घरच्या जुन्या एम.जी.बी. गाडीला नुसते दिसायला छान म्हणून रुंद चाके लावली. त्यामुळे घरात जो वाद झाला तो मी आज येथे मांडतो आहे. आपल्या बेटावर अशा जुन्या इंग्रजी गाड्या अजून बऱ्याच घरांत जपलेल्या आहेत, आणि त्यांची गुरुकिल्ली आता पुतण्या-नातवांच्या हातात जात आहे.

आमची गाडी १९६८ सालची. ही जात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत होती आणि पाच लाखांहून अधिक निघाल्या. माझ्या थोरल्या भावाने ती सत्तरच्या दशकात जुनीच विकत घेतली. दोन माणसांची, उघड्या छपराची आणि तारेच्या चाकांची. मध्ये एकच मोठे नट, तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करायचे. भाऊ गेल्यावर गाडी पुतण्याकडे आली. ती त्याने झाकून ठेवली नाही, चालविली, याबद्दल मला त्याचे कौतुकच आहे.

मागच्या वर्षी तो जपानहून आलेल्या एका जुन्या गाडीची पंधरा इंची चाके घेऊन आला. सात इंच रुंद रिम आणि त्यावर २०५/५० आर १५ मापाचे टायर. एम.जी.बी.च्या बोल्टाच्या चाकाला चार बोल्ट असतात आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. बऱ्याच जपानी गाड्यांनाही हेच माप असते. तेवढ्यावरून दुकानदाराने "बसेल" असे सांगितले. तारेच्या चाकाचे दातेरी हब काढून बोल्टाचे हब बसविले आणि चाके खरोखरच बसली. पुतण्या मला म्हणाला, "काका, बघा, आता कशी रुबाबदार दिसते!" दिसत होती, हे मीही नाकारीत नाही.

पुढे एका रविवारी नवराबायको केस नोयालहून शामारेलचा घाट चढत गेली. मागच्या डिकीत जेवणाचे डबे, बर्फाची पेटी, सगळा संसार. ती वळणे आपल्या सर्वांना माहीत आहेत. वरच्या एका वळणावर रबर जळल्याचा वास येऊ लागला. ब्रेक तापले असतील असे समजून ती दोघे तशीच पुढे गेली, आणि उतरलीही तशीच. संध्याकाळी मी मागच्या मडगार्डाखाली हात घातला तर मडगार्डाच्या दुमडलेल्या कडेने टायरच्या बाजूला सबंध वर्तुळभर खाच पाडली होती. एका जागी आतले धागे उघडे पडले होते. उतरताना तो टायर फुटला असता तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो.

चाक बसले, बोल्ट आवळले गेले, तरी असे का व्हावे? बोल्टांचे माप जुळणे ही फक्त पहिली पायरी आहे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि ते हबला जेथे टेकते ती बैठक यांच्यात जे अंतर असते त्याला ऑफसेट म्हणतात. चाक मडगार्डात किती आत आणि किती बाहेर राहील हे त्यावर ठरते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी आजची गाडी घ्या, तिचा ऑफसेट बहुधा पस्तीस-चाळीस मिलिमीटर असतो. जुन्या एम.जी.बी.ची घडण त्या हिशेबाची नाही. तसे चाक लावले की ते आत ओढले जाते, मग आतल्या बाजूला घासू नये म्हणून मध्ये जाड चकती घालतात, आणि चकती जास्त झाली की चाक बाहेर येऊन मडगार्डाला भिडते. आमच्याकडे हेच झाले. शिवाय तारेच्या चाकांच्या गाडीचा मागचा आस बोल्टाच्या चाकांच्या गाडीहून आखूड असतो, हे हब बदलणाऱ्याला ठाऊक पाहिजे होते. आणखी एक गोष्ट. या गाडीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. वळणावर ओझे पडले की शरीर एका बाजूला झुकते आणि आसही थोडा सरकतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करून "बोटभर जागा आहे" म्हणणे म्हणूनच फसवे. दोन माणसे आणि डिकीत सामान घालून, दोन्ही बाजू निरनिराळ्या मोजाव्यात. अनेक गाड्यांत दोन्हींकडची जागा सारखी नसते.

आता उंचीचा हिशेब. टायरवर १६५/८० आर १४ लिहिले असेल तर १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा ८०, आणि रिम चौदा इंची. म्हणजे १३२ मिलिमीटर वर, १३२ खाली, मध्ये चौदा इंचांचे ३५५.६. एकूण उंची सुमारे ६२० मिलिमीटर. आमच्या गाडीच्या काळच्या टायरवर नुसते १६५ एस आर १४ असे असे, शेकड्याचा आकडा छापतच नसत. तो साधारण ऐंशी धरायचा. हाच हिशेब २०५/५० आर १५ ला लावा, उत्तर येते ५८६. चाक साडेतीन सेंटिमीटर लहान झाले, आणि प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे साडेदहा सेंटिमीटर कमी चालू लागली. वेगाचा काटा शंभर दाखवितो तेव्हा गाडी ९५ च्या आतच असते. इंजिन त्याच वेगाला जास्त फेरे घेते. आणि आधीच जमिनीला टेकलेले गाडीचे पोट आणखी पावणेदोन सेंटिमीटर खाली येते. आपल्या गावांतले गतिरोधक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको.

पुतण्याचे म्हणणे असे की रुंद टायर रस्ता घट्ट धरतो. कोरड्या रस्त्यावर काही प्रमाणात खरे आहे. पण ही गाडी हलकी. तेवढेच वजन रुंद टायरवर पसरले की पाण्यावर तरंगण्याची भीती वाढते, आणि क्युरपीप-व्हाकोवाकडे पाऊस किती पडतो हे मी सांगायचे काय? स्टिअरिंग जड होते ते वेगळेच. या गाडीला त्याला मदत करणारे यंत्र नाही. बारीक टायर हा त्या इंग्रज कारखान्याचा कंजूषपणा नव्हता. स्टिअरिंग, स्प्रिंगा आणि टायर यांचा मेळ त्यांनी घातलेला होता.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. आमचे एक स्नेही म्हणतात, १९६२ सालच्या पहिल्या गाड्यांना ५.६०-१४ चे जुन्या विणीचे आडवे टायर होते, तेच हवेत. मला हे पटत नाही. रेडियल टायर कारखान्यानेच पुढे दिले होते, १५५ आणि १६५ रुंदीचे, आणि ओल्या रस्त्यावर ते निश्चित चांगले. फक्त दोन जातींची मिसळ करू नये. पुढे रेडियल आणि मागे जुन्या विणीचे, असे तर कधीच नाही.

माझा सल्ला विचाराल तर तारेची चाके असतील तर १६५/८० आर १४ घ्यावे आणि समाधान मानावे. जुन्या तारेच्या रिमची रुंदी साडेचार इंच असते, त्यावर १८५/७० आर १४ अगदी शेवटच्या मर्यादेवर बसतो आणि १९५/६० तर बसवूच नये. अशा चाकात ट्यूब आणि आऱ्यांच्या टोकांवर रबरी पट्टी हवीच. बोल्टाच्या पाच-साडेपाच इंची रिमवर १८५/७० चांगला चालतो, उंची ६१५. चौदा इंची टायर मिळेनासे झाले तर साडेपाच इंची, योग्य ऑफसेटच्या पंधरा इंची रिमवर १८५/६५ आर १५ घ्यावा. त्याची उंची ६२१ भरते, मूळच्या जवळ जवळ तेवढीच. म्हणजे पंधरा इंची चाकाशी माझे भांडण नाही, न मोजलेल्या चाकाशी आहे.

टायर जुना किती तेही पाहा. रविवारी फिरणाऱ्या गाडीची नक्षी झिजत नाही, पण आपले ऊन आणि समुद्राची हवा रबर आतून म्हातारे करते. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर मागच्या शतकातला, नक्षी कितीही शाबूत असली तरी काढून टाका.

पुतण्या अजून थोडा रागावलेला आहे. जपानी चाके त्याने विकून टाकली, दातेरी हब परत बसविले, पण भावाच्या चार तारेच्या चाकांपैकी दोन खाऱ्या हवेने गंजून आरे सैल झालेली निघाली. सध्या गाडी ठोकळ्यांवर उभी आहे. कोणा वाचकाच्या गुदामात चौदा इंची तारेची चाके पडून असतील तर कृपा करून ती भंगारात देऊ नयेत. आम्ही दोघे फूटपट्टी घेऊन बघायला येऊ.