तोफेला कान लावून

आमच्याकडं शाळेची सहल म्हणजे पहाटे चारला दारात उभी राहिलेली लाल एसटी. पोरं झोपेतच चढणार, निम्मी घाटात ओकणार आणि संध्याकाळी 'काय पाहिलंस?' विचारलं की 'आइस्क्रीम खाल्लं' म्हणणार. परंड्यातल्या माझ्या ओळखीच्या एका बाईंनी यंदा चौथीची सहल पायीच काढली. शाळेतून निघायचं, गावातल्याच किल्ल्यात जायचं, डबा तिथंच खायचा. 'गावातल्या गावात कसली सहल?' अशी पालकांची कुरकुर झालीच. चौथीला शिवरायांचा इतिहास असतो, सगळे किल्ले तोंडपाठ असतात. पण खंदकापलीकडचा हा भुईकोट निम्म्या पोरांनी आतून पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाचवीनंतरच पाहिला.

इतिहास सांगायला म्हणून मला नेलं होतं. महमूद गवानाचं नाव घेतलं, किल्ल्याचं बांधकाम त्याच्याकडं लावतात म्हणून. पोरं ढिम्म. बुरूज मोजा म्हटल्यावर मात्र पळाली. कुणाचे बावीस भरले, कुणाचे एकतीस. पुस्तकात सव्वीस आहेत. मग सांगितलं, की 1600 साली अकबराच्या फौजेनं अहमदनगर घेतलं, तेव्हा मलिक अंबरानं मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि परंडा राजधानी झालं. एकानं विचारलं, "मग कलेक्टर हितंच बसायचा का?" धाराशिवला चकरा मारणाऱ्या घरातलं पोरगं असणार. 1634 मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा वेढा घालून बसला आणि किल्ला न घेताच परत गेला, यावर टाळ्या पडल्या.

तोफेपाशी मात्र सगळी गप्प झाली. उन्हानं तापलेल्या धातूवर हात ठेवून बघत होती. तेवढ्यात एकानं खड्यानं हळूच वाजवून पाहिलं. आवाज आला. पहारेकरी ओरडला, बाईंनी डोळे वटारले, पण तोवर एक पोरगी तोफेला कान लावून उभी होती. "आजून वाजतंय," ती म्हणाली.

मग मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी या किल्ल्यात होती. 1549 मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी या कारागिरानं ती ओतली. वजन पंचावन्न टनांच्या घरात, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह कोरलेला. 1632 मध्ये मुरार जगदेवानं ती परंड्याहून विजापूरला ओढून नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले म्हणतात. धातू घंटेच्या जातीचा, म्हणून हलकेच ठोकली तर तोफ घंटेसारखी वाजते. 1854 मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली तेव्हा बोली आली दीडशे रुपये. तेवढ्यावर ती द्यायची नाही असं ठरलं म्हणून वाचली. "दीडशेत सायकलबी येत न्हाई," मागून आवाज आला.

डबे हमामखान्यात सुटले, कारण सावली तिथंच होती. बाईंनी एका म्हाताऱ्या गोंधळीबाबांना बोलावून ठेवलं होतं. त्यांनी संबळाची कातडी आधी उन्हाला धरली, बोटानं टिचकी मारून बघितली, पुन्हा धरली. ताणल्याशिवाय बोलत नाही, म्हणाले. एक काठी सरळ, दुसरीचं टोक वाकडं. ती का वाकडी, हे पोरांनी तीनदा विचारून घेतलं. नातवाकडं तुणतुणं. एवढीशी लाकडी नळी, खाली कातडं, वर एक तार. संबळाची पहिली थाप पडली आणि घुमटानं ती अशी परत फेकली की दोन पोरांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. दगडी भिंतींचा असा उपयोग मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

गोंधळात आधी देवांना आवतण द्यायचं असतं. तुळजापूरची भवानी आली, माहूरची रेणुका आली, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर झालं. बाबांचा आवाज चढला होता, बाई मोबाइलवर टिपून घेत होत्या. तोफेला कान लावणारी तीच पोरगी मध्येच उठून उभी राहिली.

"बाबा, सोनारीचा भैरवनाथ ऱ्हायला की."

सोनारी आमच्याच तालुक्यातली. बाईंनी तिला खाली बसायची खूण केली. बाबांनी मात्र संबळ थांबवला, नातवाकडं पाहिलं. त्यानं खुंटी पिळून तार पुन्हा जुळवली. "पोरीचं बराबर हाय. घरचाच ऱ्हायला," म्हणाले आणि आवतण पहिल्यापासून सुरू केलं.