फायबर पावडर ‘उंदरांवर टेस्टेड’, म्हणजे नेमकं काय?

नाशिकच्या वायनरीत द्राक्षांचा जो चोथा उरतो, त्यात भरपूर फायबर असतं. उद्या कुणी त्याची पावडर ‘उंदरांवर टेस्टेड’ म्हणून विकली तर?

ओईसीडीची 408 क्रमांकाची चाचणी 90 दिवस चालते. प्रत्येक गटात किमान 10 नर, 10 माद्या. शेवटी रक्त आणि अवयव तपासतात. फायबरमुळे उंदराच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी फुगते. बघायला भीतीदायक, पण बहुतेकदा ती विषबाधा नसते, जास्तीचं फायबर पचवण्याची तयारी असते.

खरी गोची वेगळीच. इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर घशात फुगून अडकू शकतं. म्हणून अमेरिकेत डब्यावर इशारा सक्तीचा आहे. उंदरांना पावडर खाद्यात मिसळून दिली, तर हा धोका चाचणीत दिसणार कसा? डबी घेताना ‘टेस्टेड’च्या आधी पाणी किती घ्यायचं ते वाचा.