सल्ल्याची पाठचिकित्सा

अमेरिकेत घरगुती बीअर बनवण्यास १९७८ साली संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली आणि या छंदाभोवती सल्ल्यांचे एक वाङ्मयच उभे राहिले. हौशी माणसाने हौशी माणसाला विनामूल्य दिलेले हे ज्ञान. त्याची प्रत कशी ठरवावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही, असे आम्हांस वाटते.

एक उदाहरण घेऊ. आंबण्याची मुख्य क्रिया संपली की बीअर तळाच्या यीस्टवरून काढून दुसऱ्या भांड्यात घ्यावी, अन्यथा यीस्टचे विघटन होऊन चव बिघडते, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. जॉन पामर यांच्या ‘हाउ टू ब्रू’ या मान्यवर पुस्तकाच्या आरंभीच्या आवृत्तीतही तो होता. पुढे पामर यांनीच बहुतेक एल बीअरपुरता तो मागे घेतला. भीती निराधार नव्हती, पण ती कारखान्यातली होती. तिथल्या उंच टाक्यांत यीस्टच्या थरावर मोठा दाब पडतो, उष्णता कोंडते. वीस लिटरच्या भांड्यात दोन-तीन आठवड्यांत तसे सहसा घडत नाही. उलट भांडे बदलताना प्राणवायू आणि जंतू शिरण्याचा धोका वाढतो.

मग इतके जण तेच सांगत होते, त्याचे काय? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती पोथ्यांची केवळ शिरगणती करून नव्हे. एकाच पोथीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत. स्वतंत्र परंपरांत पाठ जुळला, तरच त्या एकमताला वजन. सल्ल्याचेही तसेच आहे.

‘माझी बीअर उत्तम झाली’ ही साक्षही अपुरी. कारण भांडे न बदलता ती कशी झाली असती, हे सांगणाऱ्याने पाहिलेले नसते. चांगला सल्ला आपले कारण आणि आपली मर्यादा सांगतो. ‘दोन आठवड्यांनी बाटल्या भरा’ हा केवळ आदेश झाला. ‘हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहिला, की भरा’ हा पडताळता येणारा सल्ला. भेद शब्दांपुरता नाही: साखर आंबायची शिल्लक असेल, तर वायूच्या दाबाने काचेची बाटली फुटू शकते.

छंदात एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हौस म्हणजे बेफिकिरी नव्हे. ‘हे प्रथम कोणी म्हटले, आणि कशाच्या आधारे?’ हा प्रश्न आम्ही वर्गात शिकवतो. तो ग्रंथालयाच्या दारातच गळून पडत असेल, तर आमचे शिकवणे परीक्षेपुरतेच उरले, असे म्हणावे लागेल.