बंद पडणारी मोटारसायकल : निदानाचा खर्च कोणाचा?

तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाबाहेर किंवा बाजाराच्या कोपऱ्यावर असलेल्या दुरुस्तीच्या टपरीसमोर हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. दुधाचे कॅन अडकविलेली एखादी मोटारसायकल स्टँडवर उभी असते. बटण दाबले की इंजिन सुरू होते, अर्धा मिनिट चालते आणि ॲक्सिलरेटर सोडताच मान टाकते. पुन्हा सुरू करावे तर पुन्हा तेच. मिस्त्री प्लग काढून पुसतो, एअर फिल्टर झटकतो, टाकीचे झाकण उघडून पाहतो आणि अखेर गाडी २०२० नंतरची असल्याचे ध्यानात येताच हात पुसत सांगतो, 'कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.' सर्व्हिस सेंटर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि ज्या गाडीने तेथे जावयाचे तीच तर बंद पडलेली असते.

हा प्रसंग वरकरणी किरकोळ वाटेल. तथापि देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत आणि त्यांपैकी फार मोठा हिस्सा चैनीसाठी नव्हे, तर पोटासाठी धावतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागील प्रश्न किरकोळ राहत नाही. गेल्या काही वर्षांत शासनाने या वाहनाचे इंजिन बदलविले आणि त्यात पडणारे इंधनही बदलविले. दोन्ही बदलांमागे सार्वजनिक हिताची कारणे होती. परंतु त्या बदलांनंतर बिघाड ओळखण्याची विद्या कोणाच्या हाती राहील आणि ती शिकण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, याचा विचार मात्र धोरणकर्त्यांनी पुरेसा केला नाही.

इंजिन चालू राहावयाचे तर चार गोष्टी जुळून याव्या लागतात : इंधन, हवा, ठिणगी आणि दाब. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत यांपैकी कशाचा मेळ चुकला हे जाणता मिस्त्री डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने ओळखीत असे. गाडी रेस दिल्यावर चालते पण सोडल्यावर बंद पडते, तर स्लो जेटमध्ये कचरा. चार-पाच किलोमीटर गेल्यावर बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालू लागते, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होते, तर ठिणगीच्या यंत्रणेतील कॉइल संशयित. प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. ही विद्या कोणत्याही पुस्तकात कुलूपबंद नव्हती. उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षे पाने उचलणारा पोरगा ती शिकत असे, आणि ती शिकण्यास पेट्रोलने धुतलेल्या हातांखेरीज भांडवल लागत नसे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याने शंभर सी. सी.च्या मोटारसायकली भारतात आल्या, तेव्हाही मिस्त्री वर्गापुढे नवे यंत्र उभे राहिले होतेच. पण ते उघडून पाहता येत होते. पाहून शिकता येत होते. म्हणूनच काही वर्षांत लहानसहान गावीही चार-स्ट्रोक इंजिन बांधणारे हात तयार झाले. देशाच्या कोणत्याही हिशेबात न दिसणारी ही एक मोठी सार्वजनिक संपत्ती होती. दुचाकी सामान्य माणसाला परवडली ती केवळ तिच्या किमतीमुळे नव्हे, तर ती बिघडल्यास हाकेच्या अंतरावर आणि थोडक्या पैशांत दुरुस्त होते, या भरवशामुळे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. धूर कमी झाला, इंधनाचे मोजमाप काटेकोर झाले, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. शहरातील हवा ही श्रीमंत-गरीब सर्वांचीच असते. परंतु आता इंधन किती सोडावयाचे हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरविते, आणि ती हवेचा दाब, इंजिनाचे तापमान, थ्रॉटलची स्थिती व धुरातील प्राणवायू यांची खबर देणाऱ्या सेन्सरांवर विसंबून असते. त्यामुळे त्याच एका लक्षणाची कारणे वाढली. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली, आयडलिंगची हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकला, इंधनपंपाचा दाब उतरला, बॅटरी अशक्त झाली, साइड स्टँडचा स्विच चिखलाने बिघडला किंवा एखाद्या सेन्सरची तार सैल झाली, तरी गाडी तशीच मान टाकते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही तरी बिघडल्याचे सांगतो. नेमके काय बिघडले हे मात्र स्कॅनर जोडल्यावाचून आणि सांकेतिक क्रमांकांचा अर्थ ठाऊक असल्यावाचून बहुधा कळत नाही. कान आणि नाक यांचा अधिकार येथे संपतो.

याच सुमारास इंधनही पालटले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये पाच टक्क्यांच्या उद्दिष्टाने सुरू झाला, पण २०१४ पर्यंत तो रेंगाळतच होता. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वीस टक्क्यांचे २०३० साठी ठरविलेले उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच साध्य करण्यात आले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्याच्या रेणूत प्राणवायू असल्याने मिश्रण विरळ होते. इंजेक्शनची गाडी काही मर्यादेत हे सावरून घेते. कार्ब्युरेटरला ते साधत नाही आणि विरळ मिश्रणावर मंद गतीतील इंजिन प्रथम अडखळते. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतील चिकट थर सोडविते व तो कचरा जेटमध्ये जाऊन बसतो. ते पाणीही ओढून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी उतरते. इंजिनाला इंधन पोहोचते ते नेमके तळाकडूनच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बंद पडणारी प्रत्येक गाडी इथेनॉलमुळेच बंद पडते, असे मानणे हा नवा अडाणीपणा ठरेल. वर्षभर न बदललेला प्लग किंवा धुळीने गच्च भरलेला एअर फिल्टर यांचा दोष इंधनाच्या माथी मारणे सोपे असते. खरी अडचण अशी की दोष इंधनाचा, यंत्राचा की देखभालीचा, हे निश्चितपणे सांगू शकणारा तटस्थ जाणकार गाडीमालकाच्या आवाक्यात उरलेला नाही. पंपचालक गाडीकडे बोट दाखवितो, विक्रेता पेट्रोलकडे, आणि मिस्त्री दोघांकडेही. पंपावर फिल्टर कागदाची चाचणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, पण तिने पेट्रोलमधील मळ कळतो. वीस टक्के इथेनॉल आपल्या इंजिनाला मानवते की नाही, हे कळत नाही.

अर्थशास्त्रात या परिस्थितीचा विचार नवा नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये दुरुस्तीसारख्या सेवांचे वेगळेपण दाखवून दिले. या व्यवहारात रोग कोणता हे सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो, आणि सेवा घेतल्यानंतरही ती आवश्यक होती की नव्हती हे ग्राहकाला समजत नाही. अशा बाजारात ग्राहकाचे संरक्षण होते ते दुसरे मत सहज मिळण्याने. टपरीवरचा मिस्त्री हे आजवर ते दुसरे मत होते. बिघाडाच्या क्रमांकांचा अर्थ आणि स्कॅनरची किल्ली एकाच घराकडे गेली की दुसरे मत नाहीसे होते आणि पहिले मत महाग होते.

या खर्चाचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. वादविवाद होतो तो मायलेजवर. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार जुन्या बनावटीच्या दुचाकींची इंधनक्षमता वीस टक्के मिश्रणाने तीन ते चार टक्क्यांनी घटते. लिटरला ६० किलोमीटर देणारी आणि महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी धरली, तर ही घट महिन्याला पाऊण लिटरहूनही कमी, म्हणजे सुमारे सत्तर रुपयांची भरते. ती दुर्लक्षणीय नसली तरी सोसता येण्याजोगी आहे. पण गाडी एक दिवस बंद राहिली तर दूध नासते, रोजंदारी बुडते, घरपोच सेवा देणाऱ्या तरुणाची दिवसाची कमाई जाते. त्यात टेम्पोचे भाडे आणि न लागणारे सुटे भाग बदलण्याचा खर्च मिळविला म्हणजे वर्षभराच्या मायलेजचा तोटा एका दिवसात भरून निघतो. धोरणाच्या हिशेबात हा दिवस कोठेच मांडलेला नाही.

इथेनॉलच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खनिज तेलाच्या आयातीवर खर्च होणारे परकीय चलन वाचते, आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना साखरेच्या जोडीने उत्पन्नाचे दुसरे साधन मिळाल्याने उसाची बिले चुकती करणे सुकर होते. परंतु ज्या शेतकऱ्याच्या उसाचे इथेनॉल होते, तोच दहा वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलवरून कारखान्यावर जातो. त्याला एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले जाऊ नये, याची तरतूद आराखड्यातच होती. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचे मिश्रण उपलब्ध ठेवावे आणि ऊर्जेतील तूट भरून निघेल अशा बेताने मिश्रित इंधन स्वस्त विकावे, असे त्यात सुचविले होते. या शिफारशी मागे पडल्या. इथेनॉलचा खरेदीदरच लिटरला ७१ रुपयांवर गेल्याने ते आता स्वस्त राहिलेले नाही, असे सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितले. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील, पण तो खर्च अल्प आहे, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयीन मार्ग संपला म्हणून प्रशासकीय जबाबदारी संपत नाही.

दुरुस्तीची माहिती खुली केल्यास अप्रशिक्षित हात यंत्रणेत ढवळाढवळ करतील आणि प्रदूषण-नियंत्रणच निकामी होईल, असा आक्षेप उत्पादकांकडून घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण माहिती दडविल्याने ढवळाढवळ थांबत नाही. ती अंधारात होते. अंदाजाने तारा कापणारा मिस्त्री हा माहितीच्या अभावाचाच परिणाम होय. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमावलीत दुचाकींची दुरुस्तीविषयक माहिती स्वतंत्र कारागिरांना देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. तेथील प्रदूषण-मानके त्यामुळे कोसळली नाहीत. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुटे भाग व दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात न आणल्याबद्दल चौदा मोटार उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. तो निवाडा चारचाकींचा होता आणि प्रकरण अपिलांत गेले, तरी तत्त्व स्पष्ट झाले होते. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमून पोर्टलही उघडले आणि त्यात वाहनांचा समावेश केला. परंतु इच्छेवर सोडलेली माहिती ही मर्जी असते, हक्क नव्हे.

यापुढे करावयाच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. प्रत्येक दुचाकीच्या बिघाडाच्या क्रमांकांची यादी व त्यांचा अर्थ भारतीय भाषांत विनामूल्य प्रसिद्ध करणे, आणि कोणत्याही साध्या स्कॅनरला ते वाचता येतील अशी व्यवस्था ठेवणे, ही वाहनाला मान्यता देतानाची अट असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी चालू धंद्यातील मिस्त्र्यांसाठी सायंकाळचे अल्पमुदतीचे वर्ग काढावेत. टपरी बंद ठेवून वर्षभर शिकणे त्याला परवडणारे नाही. तालुक्याच्या ठिकाणी निदान एका पंपावर तरी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल काही वर्षे मिळावे, आणि प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लिहिलेले असावे.

इंजिन बदलले, इंधन बदलले. दोन्ही बदल राजधानीत ठरले. त्यांची परीक्षा मात्र तालुक्याच्या बाजारातील टपरीवर होत आहे. तेथे उभ्या असलेल्या माणसाला सवलत नको आहे. आपली गाडी का बंद पडते, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे आहे. ते सांगू शकणारा जाणकार त्याच्या हाकेच्या अंतरावर ठेवणे, ही बदल घडवून आणणाऱ्यांचीच जबाबदारी आहे.