दहा रुपये, अकरा वाटा

एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची हवी तितकी नाणी असतील तर दहा रुपये किती प्रकारे जमवता येतील? शाळेत मुलांना घालण्याजोगा हा प्रश्न. उत्तर 11. वीसचं नाणं सोबत घेऊन हाच हिशोब वीस रुपयांसाठी केला की उत्तर थेट 41 वर जातं. मुलांना त्यात मजा वाटते आणि बेरीजही पक्की होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाण्यांची व्यवस्था चांगली की वाईट हे या आकड्यावरून ठरत नाही. दुकानाच्या गल्ल्यापाशी अकरा वाटा कुणालाच नको असतात. एकच हवी असते, आणि तीही विचार न करता सापडणारी.

आता थोडा हिशोब. एक ते नऊ रुपयांपर्यंतच्या रकमा एक-दोन-पाचच्या नाण्यांत कमीत कमी नाणी वापरून देत गेलं, तर सगळी मिळून 17 नाणी लागतात. समजा, टांकसाळीने एक, तीन आणि चार रुपयांची नाणी पाडली असती. मग त्याच नऊ रकमांना 16 पुरली असती. म्हणजे एक-तीन-चारची रचना सरस? कागदावर, हो. पण सहा रुपये द्यायचे झाले की गंमत होते. आपला हात सवयीने सर्वांत मोठं नाणं आधी उचलतो. चार, मग एक, मग आणखी एक, अशी तीन नाणी होतात. तीन-तीनची दोन पुरली असती हे त्यासाठी थांबून सुचावं लागतं. एक-दोन-पाचमध्ये अशी फसगत कधीच होत नाही. मोठ्यापासून सुरुवात करा, येणारं उत्तर सर्वांत कमी नाण्यांचंच असतं. एका नाण्याची बचत या निश्चिंतीपुढे किरकोळ आहे.

ही फसगत आपण प्रत्यक्षात अनेक वर्षं वागवली. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, त्यामुळे जुन्या-नव्याचा मेळ नेमका बसला तो चार, आठ आणि बारा आण्यांशीच. म्हणून 25 पैशांची पावली टिकली. पुढे 1968 मध्ये 20 पैशांचं नाणंही निघालं आणि दोघं शेजारी नांदू लागले. चाळीस पैसे मोजून बघा. हात पंचवीस, दहा आणि पाच काढतो, तर वीस-वीसची दोन पुरतात. दहाच्या पटीत चालणाऱ्या घरात पंचवीस कायमचा पाहुणाच राहिला.

यावर पावलीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते हळवेपणाचं नाही. 80 तोळ्यांच्या शेरात 16 छटाक आणि रुपयात 16 आणे, त्यामुळे तीन रुपये शेर असलेला जिन्नस तीन आणे छटाक पडे. गुणाकार-भागाकार काही नाही. शिवाय आठ, चार, दोन आणि एक आण्याचं प्रत्येकी एकेकच नाणं घेतलं तर एकपासून पंधरापर्यंतचा कुठलाही आणा देता येई. आजच्या चार नाण्यांची, म्हणजे एक, दोन, दोन, पाचची, मजल दहापर्यंतच जाते. निम्म्या-निम्म्याने जाणारी ती रचना खरोखर देखणी होती. पण तिचं देखणेपण वजन आणि पैसा एकाच चालीने चालण्यात होतं. वजनं किलोग्रॅमची झाली आणि पावलीचा जोडीदार गेला. पाव किलो आपण आजही मागतो, पण त्यासाठी पावलीच हवी असं नव्हतं. वीस आणि पाच पुरेसे होते. जून 2011 अखेर 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. ते योग्यच झालं.

शाळेतल्या त्या गणिताची खरी उणीव आणखी वेगळी आहे. त्यात सगळी नाणी एकाच खिशात असतात. व्यवहारात दोन खिसे असतात आणि परत देण्याची सोय असते. ती धरली तर एक ते दहा रुपयांतली कुठलीही रक्कम जास्तीत जास्त दोन नाण्यांच्या हालचालीत मिटते. आठ द्यायचे तर दहा देऊन दोन परत, नऊ असतील तर दहा देऊन एक. मुंबईत बेस्टच्या वातानुकूलित बसचं किमान भाडं 2019 पासून 2025 च्या मे महिन्यापर्यंत सहा रुपये होतं. प्रत्येकाने दहाच पुढे केले तर कंडक्टरला दर तिकिटामागे चार रुपये मोजावे लागणार, म्हणजे दोनची दोन नाणी. थोड्याच वेळात पिशवी सुट्ट्यांनी रिकामी आणि दहांनी भरलेली. पण दहावर एक रुपया दिला की परत यायचं ते पाचचं एकच नाणं. ‘वर एक द्या’ ही कंडक्टरांची आणि दुकानदारांची मागणी म्हणजे नाण्यांच्या जुळणीवरचं उत्तम प्रमेय आहे. पाठ्यपुस्तकात मात्र मला ते कुठे दिसलेलं नाही.

मोबाइलवर साडेसात रुपयेही देता येतात, मग नाण्यांची एवढी काथ्याकूट कशाला, असं कुणी विचारेल. पण सगळेच मोबाइलवर देत नाहीत, आणि जे देत नाहीत त्यांच्या रकमा बहुतेक लहानच असतात. सुट्टे नसले की भाव पाचच्या पटीत वर सरकतो किंवा दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर पडतं. दोन्हीत झळ ग्राहकाला. या दृष्टीने पाहिलं तर 2020 मध्ये चलनात आलेलं वीसचं नाणं सुट्ट्यांची अडचण काडीइतकीही हलवत नाही. ते नोटेला पर्याय आहे, एवढंच. वर पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक जुळणीत राबतं ते दोनचं नाणं. परतीचे पैसे न घेता तीन, चार, सात, आठ, नऊ, यांतलं काहीही सुटसुटीत करायचं तर तेच लागतं. 2011 च्या मालिकेत मात्र त्याचा व्यास जुन्या एक रुपयाएवढाच, 25 मिलिमीटर ठेवला गेला आणि धातूही तोच. अंधुक उजेडात दोन्हींतला फरक बोटांना कळत नाही. टांकसाळीला काही सुधारायचं असेल तर त्या नाण्यापासून सुरुवात करावी.